कड परत काढायची, की सगळाच स्तन? आणि दुसऱ्याचं काय?

चोपडा तालुक्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. वय 46, पाळी अजून चालू, घरी केळी आणि कपाशी. डाव्या छातीत गाठ लागली, तपासणीत कॅन्सर निघाला. सर्जननी स्तन ठेवून फक्त गाठ काढली आणि काखेतल्या तीन ग्रंथी तपासायला घेतल्या. रिपोर्ट आला तो असा: गाठ 2.4 सेंटिमीटर, एक कड पॉझिटिव्ह, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या एका काठापर्यंत रोग, तीनपैकी एका ग्रंथीत रोग. ई-आर, पी-आर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा रोग; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे त्या नावाचं प्रथिन पेशींवर जास्त नाही. सर्जन म्हणतात, कड परत काढू, नाहीतर पूर्ण स्तन काढू, घरी बोलून सांगा. घरी जेठ म्हणतात, दोन्ही काढून टाका, एकदाचा घोर मिटेल. सासूबाई म्हणतात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरीचं लग्न आहे, तेवढं पार पडू द्या. मालक काहीच बोलत नाहीत. सुरतची बहीण म्हणते, मुंबईला चल. आणि ताई स्वतः लिहितात, "माले काहीच सुचस नही. एकदा कापलं, आता परत कापायचं, मग पहिल्यांदा केलं काय?"

ताई, तुमच्या या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय. मी डॉक्टर नाही, सर्जिकल वॉर्डातली निवृत्त सिस्टर आहे, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. पण हा प्रश्न मी खाटेशी बसून इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय की उत्तर झोपेतही देईन.

पहिलं ऑपरेशन फुकट गेलेलं नाही. टेबलावर सर्जनला दिसते आणि हाताला लागते ती फक्त गाठ. तिच्याभोवती रोगाच्या पेशी कुठवर गेल्यात ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. म्हणून गाठीसोबत आजूबाजूचं थोडं चांगलं मांस घेतात. त्या तुकड्याला दोऱ्याच्या खुणा करतात, आखूड दोरा म्हणजे वरची बाजू, लांब दोरा म्हणजे बाहेरची, अशा. पॅथॉलॉजीत त्या तुकड्याला बाहेरून शाई फासतात, बाजूनुसार वेगवेगळ्या रंगाची. मग पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या की कड पॉझिटिव्ह. तुमच्यासारख्या कॅन्सरमध्ये त्या टेकलेल्या नसतील तर कड साफ धरतात, मग अंतर कितीही कमी असो. हा नियम अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2014 साली मिळून ठरवला. त्याआधी कोणी पाच मिलिमीटर मागायचं, कोणी दहा, आणि कित्येक बायका विनाकारण दुसऱ्यांदा टेबलावर जायच्या.

तुमच्या बाबतीत मात्र पेशी शाईला टेकल्यात. ते तसंच सोडलं तर त्याच छातीत रोग परत येण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि रेडिएशनचा जादा डोस किंवा गोळ्या यांनी ती पूर्ण भरून निघत नाही. तेव्हा काहीतरी करायचंच आहे. काय करायचं, एवढंच ठरवायचं आहे.

त्यासाठी सर्जनकडे जाताना रिपोर्ट हातात धरून जा आणि बोट ठेवून विचारा. कोणती कड? वरची, खालची, आतली, की मागची? मागची असेल आणि सर्जननी छातीच्या स्नायूच्या आवरणापर्यंत सगळं घेतलेलं असेल, किंवा पुढची असेल आणि कातडीपर्यंत घेतलेलं असेल, तर तिथे आणखी काढायला स्तनाचं मांसच उरलेलं नसतं. मग परत कापण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न वेगळा होतो. दुसरं, एकाच जागी टेकलंय की तीन-चार ठिकाणी? तिसरं, टेकलंय ते काय, बाहेर पसरलेला कॅन्सर की दुधाच्या नळीच्या आतच असलेला, ज्याला ते डीसीआयएस म्हणतात? नळीतला रोग नळ्यांच्या वाटेने बराच लांब गेलेला असू शकतो, म्हणून तो कडेला दिसला की मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके कुठवर पसरलेत ते पुन्हा बघावं लागतं. पत्रात तुम्ही फक्त "एक कड पॉझिटिव्ह" एवढंच लिहिलंय. पुढची सगळी वाट या तीन उत्तरांवर ठरते, जेठांच्या म्हणण्यावर नाही.

एकाच बाजूची कड असेल आणि स्तनाचा आकार राहण्याजोगा असेल, तर कड परत काढणं हे लहान काम आहे. जुन्याच टाक्यातून जातात, त्या बाजूची एक पट्टी घेतात, बहुतेक बाया त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. आधीच सांगून ठेवते, या दुसऱ्या तुकड्यात पुष्कळदा रोग सापडत नाही. तेव्हा घरातलं कोणीतरी नक्की म्हणणार, "बघा, उगाच कापलं." उगाच नसतं ते. आत काही उरलंय की नाही हे काढून बघितल्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही.

पूर्ण स्तन काढायची वेळ कधी येते? कडा अनेक ठिकाणी पॉझिटिव्ह असतील, परत काढूनही साफ होत नसतील, ठिपके सगळ्या स्तनभर असतील, उरणाऱ्या स्तनाला काही आकारच राहणार नसेल, किंवा काही कारणाने रेडिएशन देता येणार नसेल. आणखी एक कारण असतं: बाईलाच तो नको असतो. तेही खरं कारण आहे, त्याला मी कमी लेखत नाही. फक्त ते "जास्त काढलं म्हणजे जास्त जगेन" या समजुतीवर उभं नसावं.

कारण ती समजूत चुकीची आहे, आणि हे गेली वीसहून जास्त वर्षं पक्कं माहीत आहे. इटलीत मिलानला उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या दोन सर्जननी 1970 च्या दशकात मोठे अभ्यास सुरू केले. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि आजूबाजूचं मांस काढून स्तन ठेवला. दोघांचे वीस वर्षांचे निकाल 2002 साली छापून आले. दोन्हीकडे तेच: स्तन ठेवलेल्या आणि काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. मात्र स्तन ठेवायचा तर रेडिएशन घ्यायलाच हवं. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या बायकांपैकी 39 टक्क्यांना वीस वर्षांत त्याच छातीत रोग परत आला, रेडिएशन घेतलेल्यांपैकी 14 टक्क्यांना. आजच्या औषधांमुळे हे आकडे पुष्कळ खाली आलेत, पण दोघांमधला फरक लक्षात ठेवा. "स्तन ठेवते पण रेडिएशनला जाणार नाही, रोज कोण नेणार" असं असेल, तर ते आत्ताच बोला.

रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं. आता बहुतेक ठिकाणी 15-16 बैठकांत होतं, म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून साधारण तीन आठवडे. काखेकडेही द्यायचं असेल तर किती बैठका, ते तिथले डॉक्टर सांगतील. सोय कुठे होईल, जळगावला की धुळ्याला, नाशिकला की मुंबईला, हे ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि एक अर्धवट खरी गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल: "पूर्ण काढलं की रेडिएशन वाचतं." काहींचं वाचतं. पण तुमच्या काखेतल्या एका ग्रंथीत रोग आहे. अशा वेळी पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन द्यायचं का, हे डॉक्टर प्रत्येकीचं वेगळं ठरवतात. रेडिएशन टाळायला म्हणून स्तन द्याल आणि वर रेडिएशनही लागेल, असं व्हायला नको. सरळ विचारा, "स्तन काढला तर मला रेडिएशन लागेल की नाही?" उत्तर "बहुतेक लागेल" असं आलं तर तुमच्या हिशेबातलं एक मोठं कारण गेलं.

पूर्ण स्तन काढल्यावर काय होतं ते वॉर्डातलं सांगते, कारण हे बायकांना कोणी आधी सांगत नाही. कुशीतून एक नळी काढलेली असते, तिला ड्रेन म्हणतात, टोकाला बाटली नाहीतर डबी. त्यात लालसर पाणी जमतं, रोज मोजून वहीत लिहायचं. दिवसाला साधारण तीसेक मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. घरी जाताना ती सोबत असेल तर गाऊनला आतून एक खिसा शिवून घ्या, नाहीतर जुन्या साडीची थैली करून गळ्यात अडकवा. बाटली लोंबकळली की टाका ओढतो आणि बाई रात्रभर झोपत नाही. छातीची कातडी बधिर होते, आणि ते बधिरपण बरंचसं कायम राहतं. पुन्हा स्तन बनवता येतो, पाठीच्या किंवा पोटाच्या मांसाने किंवा आत इम्प्लांट बसवून, पण आकार येतो, स्पर्श पहिल्यासारखा येत नाही. रेडिएशन होणार असेल तर इम्प्लांटला त्रास जास्त होतो, म्हणून बरेच सर्जन ते पुढे ढकलतात. यात भिण्यासारखं काही नाही, हजारो बाया यातून उठून शेतात गेल्यात. पण हे माहीत असून निवडलेलं वेगळं आणि "एकदाचा घोर मिटेल" म्हणून निवडलेलं वेगळं.

काखेचं तुम्ही पत्रात विचारलंच नाही, आणि मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. एका ग्रंथीत रोग निघाला म्हटल्यावर "काखही परत उघडू, सगळ्या ग्रंथी काढू" असं सुचवलं जाऊ शकतं. पूर्वी तीच रीत होती. मग अमेरिकेत 891 बायकांवर अभ्यास झाला, त्याचे दहा वर्षांचे निकाल 2017 साली आले: गाठ लहान असेल, पहिल्या तपासलेल्या एक-दोनच ग्रंथींत रोग असेल, स्तन ठेवला असेल आणि सगळ्या स्तनाला रेडिएशन मिळणार असेल, तर काख साफ न केलेल्या बायका केलेल्यांइतक्याच जगल्या. तुमचं चित्र यात बसण्यासारखं दिसतंय. मात्र बघा, अट स्तन ठेवण्याची आहे. पूर्ण स्तन काढायचं ठरवलं तर काखेचा विचार पुन्हा नव्याने करावा लागतो, तिथेही कधी ऑपरेशनऐवजी रेडिएशन चालतं. म्हणजे छातीचा निर्णय काखेलाही लागू होतो. सगळ्या ग्रंथी काढल्या की हात सुजण्याचा धोका बराच वाढतो. केळीचे घड उचलणाऱ्या, कपाशी वेचताना हात ओरबाडून घेणाऱ्या बाईचा हात म्हणजे तिची रोजी आहे. तेव्हा कोणी काख साफ करू म्हणालं तर "माझ्यासाठी ती का लागेल?" हे नक्की विचारा.

आता जेठांचं. ते वाईट बोलत नाहीत, त्यांनाही भीती वाटतेय. पण दुसऱ्या स्तनात नवा रोग होण्याची शक्यता तुमच्यासारख्या बाईत दरवर्षी साधारण दोनशेत एक, आणि हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत त्याहून कमी. जिवाला खरा धोका असतो तो आत्ताच्या डाव्या छातीतला रोग हाडात, फुप्फुसात, यकृतात जाण्याचा. उजवा स्तन काढल्याने तो एका कणानेही कमी होत नाही. आपल्या कपाशीवर बोंडअळी पडली म्हणून शेजारच्याची कपाशी उपटली तर आपली काही वाचत नाही. वरून दोन जखमा, दोन ड्रेन, आणि एखादी जखम चिघळली की केमो लांबते ते वेगळंच.

याला एक अपवाद आहे. 2013 साली अँजेलिना जोलीने दोन्ही स्तन काढून घेतले ती बातमी खेड्यापाड्यांत पोचली, पण तिला कॅन्सर नव्हता, तिच्या रक्तात बीआरसीए-1 जनुकातला दोष सापडला होता, ही अर्धी बातमी मागेच राहिली. असा दोष असेल तर दुसऱ्या स्तनाचा धोका खरोखर मोठा असतो, बीजांडकोशाचाही असतो. तुम्ही पन्नाशीच्या आत आहात, म्हणून ही तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचाराच. आणि त्याआधी घरात बसून आठवा: आई, मावश्या, आजी, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे वडिलांकडच्या आत्या आणि चुलत बहिणी, कोणाला छातीचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला होता का? लोक आईकडचंच सांगतात, हा दोष बापाकडूनही येतो. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. कडेचं ऑपरेशन त्यासाठी थांबवायचं का, हे सर्जनना विचारा. उजव्याचा विचार मात्र त्यानंतर, सगळे उपचार उरकल्यावरही करता येतो. काढलेला परत बसवता येत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की आखाजीपर्यंत थांबता येणार नाही. पहिल्या ऑपरेशनला महिना झालाय, आखाजी अडीच महिने पुढे. तुमचं वय आणि ग्रंथीतला रोग बघता केमो सुचवतील असं धरून चला. केमो ऑपरेशननंतर शक्यतो चार-सहा आठवड्यांत सुरू करतात, आणि तीन महिन्यांपलीकडे गेली तर निकाल बिघडतात. आठ-दहा दिवस विचार करायला, दुसरं मत घ्यायला आहेत. महिने नाहीत. काही ठिकाणी आधी केमो आणि कड नंतर, असाही क्रम लावतात, तो तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

लग्न मात्र होऊ द्या, ठरल्या तिथीलाच. केमोच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तारीख सांगा. तीन आठवड्यांचं चक्र असेल तर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, गर्दीत जायला तेव्हा वाईट. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा. हळद आणि लग्न त्या आठवड्यात येईल असं चक्र बसवता येतं का, हे विचारायला लाजू नका. केस तोवर गेलेले असतील, हे पोरीला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मांडवात रडारड नको.

सही तुमची आहे, ताई. सज्ञान, शुद्धीत असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिचीच संमती लागते, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हे स्पष्ट सांगितलंय. त्या प्रकरणात बाई भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. म्हणून संमतीपत्र मराठीतून वाचून घ्या. त्यात "गरज पडल्यास पूर्ण स्तन" अशी ओळ असेल तर गरज म्हणजे काय ते विचारा, आणि तुम्हाला ते नको असेल तर ती ओळ खोडायला सांगा. मालकांना सोबत न्या. घरी न बोलणारे पुरुष डॉक्टरांसमोर कधीकधी नेमका प्रश्न विचारतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

बहिणीचा सल्ला वाईट नाही. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, चांगला सर्जन स्वतःच कागद देतो. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून हेच काम करतंय. जायचं असेल तर नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, मॅमोग्राफीच्या फिल्म घ्या, ऑपरेशनची नोंद घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत सवलत मिळते, हॉस्पिटलचा दाखला लागतो, जळगाव-भुसावळ स्टेशनवर आधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पहिलं ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्याला नवी मंजुरी लागते का, ते आरोग्यमित्राला याच आठवड्यात विचारून ठेवा. मुंबईला जाऊन आल्याशिवाय काही करायचंच नाही असं मात्र नाही. एकच कड असेल आणि सर्जन कॅन्सरचं काम नेहमी करणारे असतील, तर जळगावातही हे नीट होतं.

माझं मत विचाराल तर: एकच कड, एकाच जागी असेल तर ती परत काढा, स्तन ठेवा, रेडिएशन पूर्ण घ्या, उजव्याला हात लावू देऊ नका, आखाजीची वाट बघू नका. रिपोर्टमध्ये वेगळं काही निघालं तर मत बदलेन, त्याची झेरॉक्स पाठवा, वर डॉक्टरांचं नाव झाकून.

राहिला पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेला प्रश्न: लग्नाचे मांडे मी करते, हात चालेल का? काख पुन्हा उघडली नाही आणि खांद्याचे व्यायाम रोज केलेत, तर हात नक्की उचलेल. पण केमोच्या दिवसांत खापराची धग सोसत बसू नका, आणि डाव्या हाताला भाजू तर अजिबात देऊ नका, त्या बाजूची साधी जखमही या काळात चिघळते. यंदा पुरण तुम्ही चाखून बघा, हातावर मांडा फिरवायला जावेला बसवा.